बंदीच्या देशातील इंग्रजीचे शिक्षक : गिडो व्हर्बेक

१८५९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात गिडो व्हर्बेक जपानमधील नागासाकी बंदरात उतरले, तेव्हा ज्या कार्यासाठी त्यांना पाठविण्यात आले होते ते कार्य त्या देशात घोर गुन्हा समजले जात होते. ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक जपानच्या गावोगावी उभे होते. एकोणतीस वर्षांच्या या धर्मोपदेशकाला पुढची जवळजवळ चौदा वर्षे उघडपणे धर्मोपदेश करता आला नाही. त्या काळात त्यांनी प्रामुख्याने इंग्रजी शिकविले. त्या वर्गांतून आधुनिक जपानचे काही शिल्पकार घडले.

या बंदीची पूर्वकथा गोव्यापासून सुरू होते. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात पोहोचले. जुन्या गोव्यातील बासिलिका ऑफ बॉम जेझूसमध्ये ज्यांचे पार्थिव आहे, त्याच झेवियर यांनी जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचे बीज रोवले. अर्धशतकात तेथील ख्रिस्ती लोकांची संख्या लाखोंच्या घरात गेली. धर्मोपदेशकांच्या मागोमाग परकीय सत्ता येईल, या भीतीने तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये देशभर बंदी घातली. अनेकांना ठार मारण्यात आले. नागासाकीत तर येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून लोकांची परीक्षा घेतली जाई. पुढे युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना, तेही नागासाकीजवळच्या देजिमा या लहानशा बेटावर, राहू दिले गेले. पाश्चात्त्य वैद्यक, खगोल आणि तोफांचे ज्ञान जपानी विद्वानांनी दोनशे वर्षे मिळविले ते मुख्यतः डच भाषेतून.

व्हर्बेक जन्माने डचच. नेदरलँड्समधील झाइस्ट या गावी २३ जानेवारी १८३० रोजी त्यांचा जन्म झाला. मोरेव्हियन पंथीयांच्या शाळेत ते शिकले. डच, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या चारही भाषा त्यांना अवगत होत्या. अभियंत्याचे शिक्षण घेऊन १८५२ मध्ये ते अमेरिकेत गेले. विस्कॉन्सिनमधील ओतशाळेत आणि नंतर आर्कान्सा राज्यात त्यांनी काम केले. तेथे पटकीच्या दुखण्याने ते मरणाच्या दारात पोहोचले. या दुखण्यातून वाचलो तर उर्वरित आयुष्य धर्मकार्याला वाहीन, असा संकल्प त्यांनी केला आणि बरे झाल्यावर तो पाळला. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे धर्मशास्त्राचे अध्ययन पूर्ण होते न होते तोच अमेरिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चला जपानसाठी माणसे हवी झाली. १८५८ च्या करारांनी जपानची काही बंदरे परदेशीयांना खुली झाली होती. डच भाषा जाणणारा उपदेशक तेथे उपयोगी पडेल, या हिशेबाने व्हर्बेक यांची निवड झाली. नवविवाहित पत्नी मारिया यांच्यासह ते नागासाकीला आले.

पहिली वर्षे कठीण गेली. जपानमध्ये जन्मलेली त्यांची पहिली मुलगी थोड्याच दिवसांत दगावली. परदेशीयांविरुद्ध तलवारी उपसल्या जात होत्या. १८६३ मध्ये धोका इतका वाढला की कुटुंबाला काही महिने शांघायला आश्रय घ्यावा लागला. धर्माविषयी कोणी उघडपणे बोलायला तयार नव्हते. इंग्रजी शिकायला मात्र तरुण सामुराई येत. डचपेक्षा इंग्रजीचे राज्य मोठे आहे, हे त्यांना उमगले होते.

१८६४ मध्ये नागासाकीच्या सरकारी शाळेत इंग्रजीचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. बंदी घालणाऱ्या सत्तेनेच धर्मोपदेशकाला पगारावर ठेवले, असा हा विलक्षण प्रकार होता. पुढे सागा या संस्थानाने नागासाकीत उघडलेल्या शाळेतही ते शिकवू लागले. ओकुमा शिगेनोबु आणि सोएजिमा तानेओमी हे तरुण त्यांच्याकडे इंग्रजी शिकले. त्यांच्यासाठी व्हर्बेक यांनी दोन पाठ्यपुस्तके निवडली: बायबलचा नवा करार आणि अमेरिकेची राज्यघटना. भाषा शिकताना विद्यार्थ्यांच्या हाती दोन प्रश्न आपोआप आले, माणसाने कसे जगावे आणि राज्य कसे चालावे. ओकुमा पुढे दोनदा जपानचे पंतप्रधान झाले आणि आजच्या वासेदा विद्यापीठाची स्थापना त्यांनीच केली. सोएजिमा परराष्ट्रमंत्री झाले. दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही.

आपल्याकडच्या मिशनरी शाळांचा इतिहास आठवला की हा फरक ठळक होतो. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये धर्मांतर केले तेव्हा शहरात मोठी खळबळ माजली. तेथे विल्सन यांच्या मागे इंग्रजांचे राज्य होते. व्हर्बेक यांच्या मागे कोणतीच सत्ता नव्हती. यजमानांचा विश्वास एवढेच त्यांचे भांडवल होते आणि तो एका अविवेकी शब्दानेही नष्ट झाला असता.

या मौनाला एक सन्मान्य अपवाद घडला. सागा संस्थानातील मुराता वाकासा या वरिष्ठ अधिकाऱ्याला नागासाकी बंदराच्या पाण्यावर तरंगणारे बायबल सापडले होते, असे सांगितले जाते. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी त्यांनी आपली माणसे व्हर्बेक यांच्याकडे पाठविली. शंका नागासाकीला येत आणि उत्तरे सागाला जात. अखेर मे १८६६ मध्ये वाकासा आणि त्यांचे बंधू स्वतः आले. व्हर्बेक यांनी बंद दाराआड त्यांना बाप्तिस्मा दिला. हे उघड झाले असते तर त्या दोघांच्या प्राणांवर बेतले असते.

बंदीचे भय किती खरे होते, हे त्याच शहराने लवकरच पाहिले. पिढ्यान्पिढ्या गुप्तपणे ख्रिस्ती धर्म जपणारे, नागासाकीजवळच्या उराकामीचे गावकरी १८६५ मध्ये फ्रेंच पाद्र्यांसमोर प्रकट झाले. १८६७ पासून त्यांची धरपकड सुरू झाली. नव्या मेइजी सरकारने तर तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले. आणि याच सरकारने १८६९ मध्ये व्हर्बेक यांना राजधानी तोक्योला बोलावून घेतले. आपल्या धर्मबांधवांना देशोधडीला लावणाऱ्या सरकारची चाकरी करावी काय, हा प्रश्न कोणाही श्रद्धावानाला छळणारा होता. व्हर्बेक गेले. आपल्या विद्यार्थ्यांच्या मतपरिवर्तनावर त्यांनी भिस्त ठेवली.

तोक्योत ते पुढे तोक्यो विद्यापीठात रूपांतरित झालेल्या सरकारी विद्यालयाचे प्रमुख अध्यापक झाले. शिक्षण, कायदे, वैद्यक अशा अनेक बाबींत सरकार त्यांचा सल्ला घेई. वैद्यकासाठी जर्मन शिक्षणपद्धती स्वीकारावी, हा सल्लाही त्यांनी दिला. जपानी तरुणांना अमेरिकेतील रटगर्स येथे शिकायला पाठविण्याची वाट त्यांनी नागासाकीत असतानाच घालून दिली होती. जून १८६९ मध्ये त्यांनी ओकुमांकडे एक टिपण दिले. जपानच्या वरिष्ठ नेत्यांनी स्वतः पाश्चात्त्य देशांत जाऊन तेथील संस्था पाहाव्यात, असा त्याचा आशय होता. धर्मस्वातंत्र्याचा विचारही त्यात होता. दोन वर्षे ते टिपण पडून राहिले. मग ज्येष्ठ मंत्री इवाकुरा तोमोमी यांनी त्याविषयी विचारणा केली आणि डिसेंबर १८७१ मध्ये इवाकुरांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ योकोहामाहून निघाले. त्याचे श्रेय व्हर्बेक यांनी कधी मागितले नाही. अमेरिका आणि युरोपमध्ये या नेत्यांना ख्रिस्ती लोकांच्या छळाविषयी वारंवार जाब द्यावा लागला. फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि उराकामीचे निर्वासित घरी परतू लागले. परराष्ट्रांचा दबाव हे त्याचे मुख्य कारण; पण नेत्यांना तो दबाव समक्ष अनुभवायला लावणाऱ्या प्रवासाची कल्पना मांडणाऱ्यांत हा शिक्षक होता.

१८७७ मध्ये सम्राटाने त्यांना उगवत्या सूर्याचा सन्मान दिला. सरकारी सेवा संपल्यावर ते आपल्या मूळ कार्याकडे वळले. गावोगावी जपानी भाषेत व्याख्याने दिली आणि बायबलच्या जपानी भाषांतरात, विशेषतः स्तोत्रांच्या, मोठा वाटा उचलला. ज्या भाषेत कधीकाळी उघडपणे उपदेश करता येत नव्हता, त्या भाषेत आता त्यांचे शब्द प्रार्थनामंदिरांत वाचले जाऊ लागले.

दीर्घकाळ परदेशी राहिल्याने त्यांचे डच नागरिकत्व गेले होते आणि अमेरिकेचे कधी मिळालेच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते कोणत्याच देशाचे नव्हते. १८९१ मध्ये जपान सरकारने त्यांना देशभर कोठेही राहण्याचा आणि फिरण्याचा विशेष परवाना दिला. ज्या देशाने त्यांचा धर्म निषिद्ध ठरविला होता, त्याच देशाने त्यांना आपल्या छायेखाली घेतले. १० मार्च १८९८ रोजी तोक्योत त्यांचे निधन झाले. शहरातील आओयामा दफनभूमीत ते विसावले आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे विद्यार्थी ओकुमा प्रथमच पंतप्रधान झाले. ते पाहायला शिक्षक तीन महिन्यांनी उणे पडले.