सर अल्बर्ट हॉवर्ड : ‘इंदूर कंपोस्ट’ देणारा शेतकऱ्याचा मुलगा

कंपोस्टचा खड्डा भरताना ‘इंदूर पद्धत’ हे नाव आपण सहज घेतो. ही पद्धत बसवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. बापाकडून मिळालेली जमीन मुलाच्या हाती देताना तिचा कस टिकून राहील का, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी घरात असतो. हॉवर्ड यांनी आयुष्यभर त्याचेच उत्तर शोधले, आणि त्यातले बरेचसे त्यांना भारतातील शेतकऱ्यांच्या बांधावर सापडले.

केंब्रिजला शिक्षण झाल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला उसाच्या रोगांवर काम करायला गेले. तिथे प्रयोगशाळा होती, पण स्वतःची जमीन नव्हती. जो उपाय आपण आपल्या पिकावर करून पाहिला नाही तो दुसऱ्याला सांगायचा, हे त्यांना पटेना. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बोच जरूर लक्षात ठेवावी.

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. इथे त्यांनी आग्रहाने ७५ एकर जमीन मिळवली. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या; त्यातल्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ गाजल्या. पण हॉवर्ड यांची नजर आजूबाजूच्या शेतांवरही होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनी कसणारे शेतकरी तृणधान्यात कडधान्य मिसळून पेरत, आणि विकतचे खत किंवा औषध न वापरता त्यांच्या पिकांवर रोगकीड फारशी दिसत नसे. साहेब लोक शिकवायला येत त्या काळात हॉवर्ड या शेतकऱ्यांना आणि किडींनाही आपले शिक्षक मानू लागले. कीड आली म्हणजे जमिनीत किंवा मशागतीत काहीतरी बिघडले आहे, असे ते समजत.

पुसा येथे त्यांनी स्वतःच्या बैलजोड्या ठेवल्या होत्या. शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांशी या बैलांची तोंडे लागत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी नोंदवले आहे. कसदार जमिनीतल्या चाऱ्याचा हा गुण, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतक्या थोड्या जनावरांवरून एवढे म्हणता येत नाही. लाळ्या-खुरकूतचे लसीकरण वेळेवर करायलाच हवे.

पुसामध्ये एक पीक अनेक विभागांत वाटलेले असे. पैदास एकाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, कीड तिसऱ्याकडे. हॉवर्ड यांना सगळे शेत एकत्र पाहायचे होते. १९२४ मध्ये इंदूरला नवी संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि खर्चाला कापूस समितीची मदत मिळाली. इथे यशवंत वाड यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले.

इंदूरचा खड्डा

इंदूरच्या काळ्या जमिनीत कापूस मुख्य. पऱ्हाटी लवकर कुजत नाही, म्हणून ती गाडीवाटेवर पसरायची. गाड्यांच्या चाकांखाली ती चिरडून निघे. मग हा काडीकचरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची आणि मूत्र मुरलेली माती काही महिन्यांनी काढून तिथे नवी भरायची. ही मूत्रमाती वाया जाऊ न देणे हा त्यांच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि आज सिमेंटच्या गोठ्यांत नेमका तोच सुटतो.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल. जास्त खोल केला तर हवा खेळत नाही. त्यात काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि लाकडाची राख थराथराने घालून पाणी शिंपडायचे. विरजण म्हणून आधीच्या खड्ड्यातले बुरशी धरलेले थोडे खत मिसळायचे. साधारण पंधरा दिवसांनी पहिली पलटी, आणखी पंधरा दिवसांनी दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा जमिनीवर ढीग लावायचा. उकिरड्यावर वर्षभर पडून वाळणाऱ्या शेणापेक्षा हा व्यवहार फायद्याचा, पण तीन पलट्यांची मजुरी धरूनच हिशेब करावा. घरची माणसे आणि बैल असलेल्या कुटुंबाला ही पद्धत जमते. सगळे काम मजुरीवर असेल तर अवघड जाते.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचे कंपोस्टवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत द्या, हा त्यांचा नियम चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचला. उतारवयात मात्र रासायनिक खतांविरुद्ध त्यांची भाषा फार कडक झाली. माती परीक्षणाच्या अहवालात एखादे अन्नद्रव्य कमी दिसत असेल तर आजच्या शेतकऱ्याने त्या बाबतीत हॉवर्ड यांच्याइतके हट्टी राहू नये.

१९४० मध्ये त्यांचे दुसरे महत्त्वाचे पुस्तक आले. त्याच सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जे. आय. रोडेल यांनी हॉवर्ड यांच्या लेखनाने भारावून एक कस गेलेली शेती विकत घेतली आणि कंपोस्टवर ती सुधारायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉवर्ड वारले. रोडेल यांच्यानंतर मुलगा रॉबर्ट यांनी ते काम पुढे चालवले. सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना करणारा दीर्घकालीन प्रयोग तिथे १९८१ मध्ये सुरू झाला. ‘रिजनरेटिव्ह’, म्हणजे जमिनीचा कस पुन्हा उभा करणारी शेती, हा शब्द रूढ केला तो याच रॉबर्ट रोडेल यांनी.