फादर थॉमस स्टीफन्स : परभाषेचे विद्यार्थी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकविली जाते. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावी, घरी मराठीच ऐकलेले मूल इंग्रजीचे पुस्तक उघडताच अबोल होते. अशा मुलांचा विचार करताना आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. तिशीतील हा इंग्रज साष्टीच्या लोकांत राहून कोकणी व मराठी शिकला. १५८३ साली आपल्या भावास धाडलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले. नव्याची ओळख त्यांनी अशी जुन्या ज्ञानाच्या आधारे करून घेतली.

पुढे लोकांना शिकविताना त्यांनी लोकांचीच भाषा व ओवी स्वीकारली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १६१९ साली ते प्रभूघरी गेले. त्यांचे कोकणी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण १६२२ साली, तर कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले.

सास्तूरच्या बालकालाही इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रथम मराठीत उमगू द्यावा. तो चुकल्यास कोणी हसू नये. मायबोलीची पायरी काढून घेतल्यास त्याने वर चढावे तरी कसे?