मुका नव्हताच तो!

कॉमेडियनची आत्मचरित्रं वाचायचा मला नाद आहे. त्यात एक अडचण असते. स्टेजवर पोट धरून हसवणारा माणूस पुस्तकात एकदम गंभीर होतो, बालपणीची गरिबी सांगताना गळा काढतो आणि आपण पान उलटत राहतो. अपवाद कमी. त्यातला माझा सगळ्यात आवडता अपवाद म्हणजे हार्पो मार्क्स. या माणसाने आपल्या कुठल्याच बोलपटात संवाद म्हणून एक शब्द उच्चारला नाही आणि मग १९६१ मध्ये जाडजूड आत्मचरित्र लिहिलं. नाव काय ठेवलं? ‘हार्पो स्पीक्स!’ म्हणजे, हार्पो बोलतोय.

‘मार्क्स ब्रदर्स’ हे नाव कानावरून गेलं नसेल तर यूट्यूबवर ‘डक सूप’ (१९३३) मधला आरशाचा सीन शोधा. ग्रुचोसमोर त्याच्यासारखाच वेश करून, आरसा असल्याचं भासवत जो उभा राहतो, तो हार्पो. एरवी त्याची ओळख म्हणजे कुरळ्या केसांचा विग, मळका लांब कोट, त्या कोटातून निघणाऱ्या वाट्टेल त्या वस्तू आणि बोलण्याऐवजी वाजणारा भोंगा.

२३ नोव्हेंबर १८८८ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म. खरं नाव अ‍ॅडॉल्फ, पुढे त्याने ते बदलून आर्थर केलं. मॅनहॅटनमधल्या ९३व्या रस्त्यावरचं छोटं घर, त्यात भाऊ, आजी-आजोबा आणि सतत कोणीतरी पाहुणे. वडील शिंपी, पण मोजपट्टी न वापरणारे शिंपी! मापं नजरेने घ्यायचे, त्यामुळे एकदा आलेलं गिऱ्हाईक सहसा परत यायचं नाही. आई मिनी मात्र खमकी. तिचा भाऊ अ‍ॅल शीन रंगभूमीवर नाव कमावत होता, म्हणून आपली पोरंही स्टेजवरच जाणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

शाळेचं म्हणाल तर दुसरीतच संपली. वर्गातली दोन दांडगी पोरं या ज्यू मुलाला उचलून खिडकीबाहेर फेकायची. हा दारातून परत आत यायचा, ती पुन्हा फेकायची. एक दिवस तो बाहेर पडला आणि परत आत गेलाच नाही. वय वर्षं आठ. वाचताना आपण हसतो आणि मग लक्षात येतं, की आपण एका पोराच्या छळावर हसतोय. त्याने मात्र हे सगळं अगदी सहज, स्वतःचीच टिंगल करत सांगितलंय. आपली कीव करायची संधीच देत नाही तो.

पुढची शाळा म्हणजे रस्ता. एका सिगारच्या दुकानाच्या काचेमागे बसून सिगार वळणारा माणूस कामात गुंगला की गाल फुगवायचा, डोळे तिरळे करायचा आणि जीभ बाहेर काढायचा. बारका हार्पो काचेबाहेर उभा राहून तसंच तोंड करायचा. तोच चेहरा पुढे जगभर गाजला.

पियानोवर त्याला दोनच गाणी यायची. पण थोरला भाऊ चिको दिसायला अगदी त्याच्यासारखा. चिको वाजवून दाखवून नोकरी पटकवायचा आणि कामावर पाठवायचा हार्पोला! ती दोन गाणी कधी हळू, कधी जोरात वाजवून जितके दिवस निघतील तितके काढायचे.

स्टेजवरचं पदार्पण तर कहर. आईने हातातल्या कामावरून ओढून थेट कोनी आयलंडच्या रंगमंचावर उभं केलं. समोर प्रेक्षक बघून गड्याची चड्डी ओली झाली. हे त्याने स्वतः लिहिलंय. आपल्यापैकी किती जण लिहितील?

मग गप्प कधी झाला? १९१४ च्या सुमाराला मामाने भावांसाठी ‘होम अगेन’ नावाचं प्रहसन लिहिलं. त्यात हार्पोच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं आली. रुसलेल्या हार्पोने स्वतःच्या पदरची वाक्यं घुसवायला सुरुवात केली. तेव्हा एका समीक्षकाने छापलं, की याचा मूकाभिनय झकास आहे, पण तोंड उघडलं की सगळी मजा जाते. दुसरा कोणी असता तर समीक्षकाला शिव्या घातल्या असत्या. (मी तरी घातल्या असत्या.) हार्पोने बोलणंच बंद केलं. त्यानंतर स्टेजवर किंवा पडद्यावर तो सहसा बोललाच नाही!

हार्प हे वाद्यही तो असाच, कोणी न शिकवता शिकला. कुठल्या खांद्याला टेकवायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. दुकानात टांगलेल्या एका चित्रातल्या देवदूताने हार्प कसं धरलंय ते बघून आला आणि खांदा बदलला. तारा चुकीच्या सुरात लावलेल्या होत्या. पुढे पैसे आल्यावर नामांकित शिक्षक लावले, तर शिकवायचं सोडून तेच याची अजब पद्धत बघत बसले. फीसुद्धा यानेच द्यायची!

१९२४ मध्ये ब्रॉडवे गाजवल्यावर समीक्षक अलेक्झांडर वूलकॉट त्याच्या प्रेमातच पडला आणि त्याला अल्गाँक्विन हॉटेलातल्या लेखकांच्या कट्ट्यावर घेऊन गेला. शहरातले सगळ्यात तिखट जिभेचे लोक तिथे जमायचे. त्यांच्यात हा दुसरी नापास. पण बोलणारे ढीगभर होते, मन लावून ऐकणारा हवा होता. त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका झाला.

पुस्तकात एकाच ठिकाणी विनोद थांबतो. १९३३ च्या अखेरीला तो कार्यक्रमांसाठी सोव्हिएत रशियाला निघाला. वाटेत जर्मनीत, हँबुर्गमध्ये, दुकानांच्या काचांवर ज्यूंची खूण म्हणून रंगवलेले तारे दिसले. आत भेदरलेली माणसं. त्या गावात त्याच्या पोटात अन्न जाईना, तो तडक पुढे निघाला. मॉस्कोत मात्र धमाल. परराष्ट्रमंत्री लिटविनोव्ह त्याच्याशी हस्तांदोलन करायला स्टेजवर आले आणि या वेळी खळाखळा सुऱ्या पडल्या त्या मंत्रीमहोदयांच्या बाहीतून! परतताना अमेरिकी राजदूताची गुप्त कागदपत्रं आपण पायाला बांधून आणली, असंही त्याने लिहिलंय.

१९३६ मध्ये अभिनेत्री सुझन फ्लेमिंगशी लग्न केलं. दोघांनी चार मुलं दत्तक घेतली. किती मुलं हवीत, यावर त्याचा हिशोब सोपा होता: कामाला निघताना घराच्या प्रत्येक खिडकीतून एकाने तरी हात हलवला पाहिजे. खिडकीतून फेकल्या गेलेल्या पोराचा हा हिशोब वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते.

जानेवारी १९६३ मध्ये तो शेवटचा स्टेजवर आला. सोबतच्या अ‍ॅलन शर्मनने त्याची निवृत्ती जाहीर केली आणि त्यालाच रडू कोसळलं. तेव्हा हार्पो पुढे आला आणि चक्क बोलू लागला. लोक थक्क! गंमत म्हणजे एकदा सुरू झाल्यावर तो थांबेचना.

२८ सप्टेंबर १९६४ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. त्या दिवशी लग्नाचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. त्याचं हार्प त्याच्या इच्छेनुसार इस्रायलला गेलं. अंत्यविधीला ग्रुचो रडला. आयुष्यभर कुणाचीही टोपी उडवणाऱ्या आपल्या बापाला रडताना आपण तेवढं एकदाच पाहिलं, असं ग्रुचोच्या मुलाने नंतर सांगितलं.