राजा अली खान फारुकी

नगरराज्ये म्हटली की आपणांस जुने अथेन्स, व्हेनिस, जिनीव्हा आठवतात. आजच्या काळातले सिंगापूर आठवते. एक शहर, भोवतालचा थोडा मुलूख आणि शेजारी बलाढ्य सत्ता, अशी त्यांची स्थिती. आम्हां इतवाऱ्यातल्या लोकांना इतके दूर जावयास नको. आमचे बुऱ्हाणपूर सुमारे दोनशे वर्षे फारुकी राजांचे होते. त्यांचे खानदेश निव्वळ नगरराज्य नव्हते. तरी हे शहर व जवळचा अशीरगड यांतच त्याचा प्राण होता.

या घराण्यातील राजा अली खान १५७६ साली भावाच्या मृत्यूनंतर गादीवर आला. त्यापूर्वी तो आग्र्यास अकबराच्या दरबारी होता. मोगलांचे बळ त्याने डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्याने अकबराचे स्वामित्व मान्य केले. पण दक्षिणेस अहमदनगर व विजापूरचे सुलतान होते. त्यांच्याशीही त्याला नाते राखावे लागे. दोन जात्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी ही अवस्था! तरी त्याच्या हयातीत राज्य टिकले.

त्याने बांधलेली जामा मशीद आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. तिच्यात अरबी लेखाबरोबर १५९० सालचा संस्कृत लेख आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून त्यात फारुकी वंशावळ दिली आहे. आपल्या प्रार्थनास्थळात प्रजेच्या भाषेलाही जागा देणारा हा राजा होता.

१५९७ साली गोदावरीकाठी मोगल व दक्षिणी सैन्यांची लढाई झाली. राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला. गर्दीत तो दिसेना, तेव्हा तो शत्रूस मिळाला असे समजून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणावर त्याचे प्रेत सापडले आणि खरे काय ते कळले. ते प्रेत बुऱ्हाणपुरास आणून पुरण्यात आले. पुढे त्याचा मुलगा बहादूर खान अकबराविरुद्ध अशीरगडात राहिला. १६०१ साली गड पडला व राज्य संपले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात ही गोष्ट सांगताना त्या लुटलेल्या छावणीपाशी थोडे थांबा. दुबळ्याच्या निष्ठेवर बलवानाचा विश्वास चटकन बसत नाही. आपल्या मंडळीतही एखादा सभासद काही दिवस दिसला नाही, तर आपण लगेच तर्क करू लागतो. आधी त्याचा शोध घ्यावा. कदाचित तो आपल्यासाठीच कोठे झुंजत असेल.