पंडिता रमाबाई : नित्याच्या कामातील प्रीती

ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय, हे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगितले जाते. सांगणे सोपे आहे. परंतु सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ती प्रीती चुलीपाशी, विहिरीवर व शेताच्या बांधावर कशी चालते, हे दाखविणारी माणसे थोडी. अशा थोड्यांपैकी पंडिता रमाबाई ह्या होत. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. येथे आम्ही त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्या काळी हे मोठे धाडस होते. आईने तीच विद्या मुलीस दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले, आणि तशातच मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांस गाठले. १८७४ साली वडील व आई थोड्या अंतराने वारली. आईचे प्रेत उचलावयास पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी जागा सोळा वर्षांच्या रमेस घ्यावी लागली. ती ठेंगणी असल्यामुळे तिने तो भार डोक्यावर वाहिला. पुढे थोरली बहीणही गेली. बहीणभाऊ शेकडो कोस पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घालावयास काही नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेतले, आणि रात्री काढल्या.

वाचकहो, हा प्रसंग ध्यानात ठेवा. पुढे ज्या हातांनी शेकडो मुलींस पांघरूण घातले, त्या हातांनी एकदा वाळूचे पांघरूण ओढून घेतले होते.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास आली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन न मानता, विवाह केला. १८८१ साली मनोरमा झाली, आणि १८८२ साली पटकीने पती गेले. पदरी तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या.

तेथे वाँटेज गावच्या भगिनीमंडळात त्या राहिल्या. लंडनात ह्या भगिनींचे पतित स्त्रियांसाठी चालविलेले एक गृह होते. ज्यांस जग दारात उभे करीत नाही, अशा बायांस तेथे हाताशी धरून, खाऊपिऊ घालून, पुन्हा माणसांत आणीत. असे करावयास ह्यांस कोणी शिकविले, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांस शोमरोनी स्त्री व प्रभू येशू ह्यांच्या भेटीचा अध्याय वाचून दाखविला. शास्त्रार्थाने जे झाले नव्हते ते ह्या सेवेच्या दर्शनाने झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. उपदेशकांनी येथे थोडे थांबावे. एवढ्या मोठ्या पंडितेचे मन वळविले ते कोणा वक्त्याने नव्हे. दुःखितांची सेवा करणाऱ्या काही बायांनी वळविले.

अमेरिकेत साह्य मिळवून रमाबाई परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे हिंदू विधवांस आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. पहिल्यापैकी एक विधवा गोदूबाई. त्या हिंदूच राहिल्या, १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या, आणि पतीच्या विधवांसाठीच्या कार्यात राबल्या. प्रीतीने त्यांजकडे मोबदला मागितला नाही. त्याच साली मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी सदन बंद केले नाही, आणि आपली प्रार्थनाही लपविली नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपले जुने दिवस आठवून रमाबाई तिकडे गेल्या व अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगामुळे इतक्या जणींस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या आपल्या शेतावर त्यांनी त्यांची सोय केली. तेच १८९८ सालचे मुक्ती सदन. १९०० सालच्या सुमारास तेथे दीड हजार जीव होते. हाडांचे सापळे झालेल्या ह्या मुलींस न्हाऊ घालणे, खरूज धुणे, केस विंचरणे, कण्हेरी भरविणे, हे काम एकट्या बाईचे नव्हते. शारदा सदनातील जुन्या मुलींनी नव्या मुली आपल्या ओटीत घेतल्या. काल जिला कोणी नव्हते ती आज दुसरीची आई झाली. विहिरी खणल्या, माग लागले, छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींस उठावाच्या अक्षरांवर बोटे फिरवून वाचावयास शिकविले. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन झाले.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या इब्री व हेल्लेणी शिकल्या. संस्कृतात सहज श्लोक रचणाऱ्या पंडितेने भाषा निवडली ती दळणकांडण करणाऱ्या बाईस समजेल अशी साधी. हीही प्रीतीच होय. ज्ञानाच्या उंच ओट्यावरून उतरून शेजारणीपाशी बसणे होय. १९२१ साली मनोरमाबाई आईआधी वारल्या. तरी काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. आपणांपैकी कोणी दीड हजार मुली सांभाळणार नाही. परंतु वारंगा फाट्यास नांदेडकडून येणारी वाट हिंगोलीकडे व हदगावकडे फुटते, तेथे रात्रीबेरात्री उतरलेला तहानेला परका आपणांस भेटतो. त्यास पाणी देताना आपण आधी त्याची जात चाचपतो काय? आपल्या घरी पाहुण्यासाठी निराळा पेला खुंटीला आहे काय? प्रभुभोजनास एका ताटातून घेणारे आपण, सोमवारी एका विहिरीवर भांडतो काय? ज्या विधवेचे शेत नांगरावयाचे राहिले तिच्यासाठी आपण केवळ प्रार्थना करतो, की आपली बैलजोडीही नेतो?

ह्या प्रश्नांची उत्तरे व्यासपीठावरून द्यावयाची नाहीत. ज्याने त्याने ती आपल्या उंबऱ्यावर द्यावी. रमाबाईंनी भोगलेले दुःख त्यांस कडू करू शकले असते. प्रभूने त्याच दुःखाची दुसऱ्यासाठी भाकर केली. आपल्याही आठवणीत एखादी भूक, एखादा अपमान असेल. तो ज्याच्या वाट्यास आज आला आहे, त्याचे घर आपल्या घरापासून फार दूर नाही. प्रभू आपणांस त्या दाराशी जाण्याची बुद्धी देवो.