विल्यम केरी यांची श्रद्धा

प्रार्थनेचें उत्तर मिळालें नाहीं म्हणजे आम्ही लवकर खचतों. अशा वेळीं विल्यम केरी यांचें चरित्र आठवावें.

इंग्लंडांत १७६१ सालीं जन्मलेले, जोडे शिवून पोट भरणारे केरी १७९३ सालीं सुवार्तेसाठीं बंगाल्यांत आले. पुढच्याच वर्षीं त्यांचा लहानगा पीटर वारला. पत्नी डॉरोथी हिला वेड लागलें, आणि १८०७ सालीं मृत्यु येईपर्यंत ती बरी झाली नाहीं. सात वर्षें उपदेश करूनहि एकहि बंगाली मनुष्य बाप्तिस्म्यास आला नाहीं. अखेर १८०० च्या डिसेंबरांत कृष्ण पाल या सुतारानें हुगळी नदींत बाप्तिस्मा घेतला. १८१२ सालीं श्रीरामपूरचा छापखाना जळाला व कित्येक हस्तलिखितें भस्म झालीं. केरींनीं तीं पुनः लिहावयास घेतलीं. आमच्या मराठीचें व्याकरण (१८०५) व नवा करार (१८११) हीं त्यांच्याच श्रमाचीं फळें होत. १८३४ सालीं ते प्रभूच्या ठायीं निद्रिस्त झाले.

कृष्ण पाल उशिरां आला; डॉरोथीचें आरोग्य मात्र कधींच परत आलें नाहीं. हें आम्हीं झांकूं नये. मागितलें तें न मिळतांहि केरींनीं प्रार्थना सोडली नाहीं, व हातचें कामहि टाकलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, श्रद्धा म्हणतात ती हीच.