काझी नजरूल इस्लाम : बंडखोर कवीची अबोल ३४ वर्षे

बांगलादेशचे राष्ट्रकवी काझी नजरूल इस्लाम यांचा इंतकाल २९ ऑगस्ट १९७६ रोजी ढाक्यात झाला. वय होते ७७. पण त्यांची लेखणी थांबली ती १९४२ मध्येच, त्रेचाळिसाव्या वर्षी. पुढची ३४ वर्षे हा माणूस जिवंत होता, पण बोलत नव्हता, लिहीत नव्हता.

मे १८९९ मध्ये बर्दवान जिल्ह्यातल्या चुरुलिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील मशिदीचे इमाम. १९०८ मध्ये ते वारले आणि लहानग्या नजरूलवर कमावण्याची वेळ आली. मशिदीत अजान दिली, मकतबमध्ये मुलांना शिकवले, आसनसोलला बेकरीत काम केले. १९१७ ला फौजेत भरती होऊन कराचीला गेले. १९२२ मध्ये ‘विद्रोही’ कविता छापून आली आणि सगळ्या बंगालमध्ये त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘धूमकेतू’ हे नियतकालिक काढले. त्यातल्या लिखाणाबद्दल इंग्रज सरकारने तुरुंगात टाकले, तर तिथेही त्यांनी उपोषण केले. हजारो गाणी रचली. त्यात नात आणि हम्द आहेत, तशीच कालीमातेची भक्तिगीतेही आहेत.

१९२४ मध्ये हिंदू घरातल्या प्रमिलादेवींशी त्यांचा निकाह झाला. १९३० मध्ये लाडका मुलगा बुलबुल देवीच्या आजाराने गेला. १९३९ मध्ये प्रमिलादेवींना लकवा झाला, कमरेखालचे अंग गेले. त्यांच्या उपचारांपायी घर कर्जात बुडाले.

आणि जुलै १९४२ मध्ये नजरूल स्वतःच आजारी पडले. जीभ जड झाली, बोलता येईना. हळूहळू वागणे बदलले, ओळख हरवत गेली. त्यांना मनोरुग्णालयात ठेवून पाहिले, १९५२ मध्ये रांचीला नेले, फरक पडला नाही. १९५३ मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून त्यांना लंडनला आणि तिथून व्हिएन्नाला पाठवले. लंडनच्या डॉक्टरांचे एकमत होईना. व्हिएन्नात तपासणी झाली आणि डॉ. हान्स हॉफ यांनी निदान केले, पिक्स डिसीज. आजाराला नाव मिळायला ११ वर्षे लागली होती, आणि तोवर इलाज हातात उरला नव्हता.

हा डिमेन्शियाचाच एक प्रकार आहे. यात मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग आक्रसत जातो. म्हणून आधी बिघडतात ते वागणे आणि बोलणे; विसरभोळेपणा पुष्कळदा मागाहून येतो. बहुतेकदा साठीच्या आतच तो सुरू होतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, माणूस चिडका झाला, विक्षिप्त झाला. आजार आहे हे ध्यानातच येत नाही.

या सगळ्या काळात नजरूलना सांभाळले कोणी? स्वतः अंथरुणाला खिळलेल्या प्रमिलादेवींनी. सुरुवातीला त्यांच्या आई गिरिबालादेवी दोघांचेही करत असत. त्या गेल्यावर भार वाढला. पडल्या पडल्या नवऱ्याचे खाणेपिणे बघायचे, त्यांच्यावर नजर ठेवायची, हे प्रमिलादेवींनी ३० जून १९६२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत केले. लग्न झाले तेव्हा दोन्ही समाजांतल्या लोकांनी नावे ठेवली होती. ते नाते किती पक्के होते, हे या वीस वर्षांनी दाखवून दिले.

आपल्याकडेही अशी घरे आहेत. अब्बा रोजचा रस्ता विसरतात, अम्मी उगाच संशय घेते. मग कोणी म्हातारचळ म्हणतो, कोणी जादूटोण्याचा इलाज शोधतो. दुआ जरूर करा, पण मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि लवकर दाखवा. पिक्स डिसीजवर आजही बरे करणारे औषध नाही. तरी निदान झाले की घरच्यांना कळते, हा माणूस मुद्दाम असे वागत नाही. निम्मी भांडणे तिथेच संपतात. रोजचे ठरलेले वेळापत्रक, शांत आवाज, सुरक्षित घर यांनी रुग्णाला आधार मिळतो. आणि सगळा भार एकट्या सुनेवर किंवा बायकोवर टाकू नका. म्हातारपणी आईबापांना झिडकारू नका, ही कुरआनची शिकवण मुलग्यांनाही लागू आहे.

१९७२ मध्ये बांगलादेश सरकारने नजरूलना ढाक्याला नेले. त्यांची इच्छा मशिदीजवळ दफन होण्याची होती. ती त्यांनी एका गाण्यात सांगून ठेवली होती. ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी आज त्यांची कबर आहे.

अल्लाह त्यांची मगफिरत करो, आणि घरोघरी असे रुग्ण सांभाळणाऱ्यांना सब्र आणि ताकद देवो. आमीन.